मुलाला समजावलं तर त्याची आवड बदलेल का?

प्रश्न विचारणारे गृहस्थ सोलापूरच्या पूर्व भागात राहतात. यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणून आयुष्य गेलं, आता निवृत्त आहेत. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा त्यांच्याच शब्दांत देते:

"मुलगा २७ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. स्थळं बघायला घेतली तेव्हा म्हणाला, मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. त्याची आई तेव्हापासून धड जेवत नाही. मेहुणे म्हणतात, होस्टेलात लागलेली सवय आहे, लग्न झालं की सुटेल. मला एवढंच विचारायचंय मॅडम. आम्ही दोघांनी लग्नाआधी एकमेकांना अर्धा तास पाहिलं होतं. प्रेम नंतर झालं, आम्ही केलं म्हणून झालं. मग याला का जमू नये? माणसानं ठरवलं तर प्रेम होत नाही का?"

नमस्कार. मी मानसोपचारतज्ज्ञ. या विषयावर माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील 'हे बरं होईल का' एवढंच विचारतात. तुम्ही 'प्रेम ठरवून होतं का' असं विचारलंत. हा प्रश्न जास्त चांगला आहे, आणि त्यात तुमची स्वतःची तीस वर्षं आहेत, म्हणून दोन ओळींत तुमची बोळवण करत नाही.

सरळ उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला राहणार नाही. कोणाची ओढ वाटावी हे तुमच्या मुलानं ठरवलेलं नाही, आणि तुम्ही, मी किंवा मेहुण्यांनी समजावून ती बदलायची नाही. त्या ओढीचं पुढे काय करायचं, कोणाला सांगायचं, कोणाशी संसार करायचा, शब्द कसा पाळायचा, एवढं मात्र त्याच्या हातात आहे.

आता तुमच्या लग्नाकडे येऊ. प्रेम नंतर झालं आणि तुम्ही केलं म्हणून झालं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पाहून केलेल्या लग्नातलं प्रेम खोटं असतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. एकमेकांच्या आजारपणात रात्री जागणं, पगार वेळेवर नसताना घर चालवणं, एकाच ताटातली कडक भाकरी मोडून खाणं, यातून जीव जडतो. पण त्या अर्ध्या तासाच्या आधीच एक गोष्ट ठरलेली होती आणि तिच्याकडे तुमचं लक्ष जायचं कारणच नव्हतं. समजा, त्या दिवशी पोह्यांची बशी घेऊन तुमच्या मिसेसच्या ऐवजी त्यांचा भाऊ बाहेर आला असता. घरातली मोठी माणसं म्हणाली असती, 'मुलगा गुणी आहे, स्वभावानं गरीब आहे, करून टाका, प्रेम नंतर होईल.' झालं असतं? तीस वर्षं एका घरात राहून त्या भल्या माणसाबद्दल आदर वाटला असता, माया लागली असती. नवऱ्याला बायकोबद्दल वाटतं ते वाटलं असतं का?

हसू नका. तुमच्या मुलाला नेमकं हेच करायला सांगितलं जातंय.

तुम्ही निवड केलीत ती बायकांमधून केलीत. बायका आवडणं ही तुमची निवड नव्हती, ते आधीपासून होतं. त्या आवडीवर तुम्ही मेहनतीनं प्रेम उभं केलंत. पाया होता म्हणून घर झालं.

आपली भाषा ऐकलीत तर ती हेच सांगते. मला भूक लागली. मला ताप आला. मला ती आवडली. या वाक्यांत 'मी' काहीच करत नाही, जे होतं ते मला होतं. 'मी तिला आवडतो' असं म्हटलं तर अर्थच उलटा होतो, आवडण्याचं काम तिच्याकडे जातं! उलट लग्न मी केलं, शब्द मी दिला, फसवलं मी, निभावलं मी. पूर्व भागात घरोघरी तेलुगू चालते, तिथेही 'नाकु इष्टम' म्हणजे 'मला आवड' असंच आहे. शेजारचे कानडी 'ननगे इष्ट' म्हणतात. भाषा म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे, हे कबूल. पण आपल्या पूर्वजांना आवड आणि निवड यांतला फरक कळत होता एवढं नक्की.

पुराव्याकडे वळते.

एकत्र राहून, सहवासानं ओढ निर्माण होते का, हे माणसांनी नकळत मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. इस्रायलमधल्या किबुत्झ वसाहतींत मुलं आईबापांपासून वेगळी, एकत्र बालगृहात वाढायची. एकाच गटातल्या मुलामुलींनी पुढे लग्नं करायला कोणाची हरकत नव्हती. तरी अभ्यासकांनी हजारो लग्नांच्या नोंदी तपासल्या तेव्हा लहानपणापासून एकत्र वाढलेल्यांनी आपसांत लग्न केल्याची उदाहरणं जवळजवळ सापडलीच नाहीत. तैवानमध्ये तर उलटी चाल होती. तान्ही मुलगी दत्तक आणायची, आपल्या मुलाबरोबर वाढवायची आणि वयात आल्यावर दोघांचं लग्न लावायचं. घरच्यांची निवड, समाजाचा पाठिंबा, सहवास पंधरा-वीस वर्षांचा. अशा जोडप्यांना मुलं कमी झाली आणि काडीमोड जास्त झाले. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं. ती दुसऱ्या गावी वाढलेली असली तर बऱ्याचदा निभतं, पण एकाच घरात, एकाच पंगतीत वाढलेली दोघं माझ्यासमोर बसून 'ती मला बहिणीसारखी आहे हो' म्हणताना मी ऐकली आहेत. ओढ हुकूम ऐकत नाही. आणि ही उदाहरणं सगळी स्त्री-पुरुषांची आहेत, हे लक्षात घ्या.

मग ती येते कुठून? इथे तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देते, चुकलं तर सांगा. जेकार्ड मागावर मोराची चादर निघते तेव्हा मोर कुठल्या पुठ्ठ्यात असतो? भोकं पाडलेले शेकडो पुठ्ठे ओळीनं ओवलेले असतात. एकेक हातात घेऊन पाहिला तर मोर कुठेच दिसत नाही. सगळे क्रमानं फिरले की कापडावर उतरतो. २०१९ साली सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी संबंधांशी जोडलेल्या ठळक जागा सापडल्या पाच, आणि त्या पाचांचा मिळून वाटा एक टक्क्याहूनही कमी. बारीकसारीक फरक हजारोंनी असावेत, ते सगळे धरले तरी जनुकांचा वाटा ८ ते २५ टक्क्यांच्या आसपास येतो. 'समलिंगीपणाचं जनुक' असं एकटं काही नाही. वर्तमानपत्रांनी तेव्हा मथळे दिले की बघा, हे जन्मजात नाहीच! तो चुकीचा अर्थ होता. जनुकाशिवायही कितीतरी गोष्टी जन्माआधी ठरतात.

१९९१ मध्ये अमेरिकेत जुळ्या भावांचा अभ्यास झाला. एक भाऊ समलिंगी असेल तर हुबेहूब जुळ्यांत निम्म्याच्या आसपास दुसराही तसाच निघाला, साध्या जुळ्यांत पाचातला एक. नंतरच्या अधिक काटेकोर अभ्यासांत आकडे खाली आले, पण हुबेहूब जुळे पुढेच राहिले. म्हणजे रक्ताचा हात आहे आणि पुरता नाही. यावर लोक पटकन म्हणतात, उरलेलं संगतीनं झालं असणार. थांबा. डावखुरेपणाचं बघा. हुबेहूब जुळ्यांतही एक डावखुरा, एक उजवा असं सर्रास असतं. म्हणून डावखुऱ्या मुलानं तसं व्हायचं ठरवलं, किंवा शेजारच्या पोराकडून उचललं, असं आपण म्हणतो का? माझ्या धाकट्या भावाला शाळेत डाव्या हातानं लिहितो म्हणून पट्ट्या खाव्या लागल्या. आज तो उजव्या हातानं लिहितो, उजव्यानं जेवतो. क्रिकेट खेळताना चेंडू मात्र डाव्यानंच फेकतो. पट्टीनं त्याचं वागणं बदललं, हात तोच राहिला. कल आणि वागणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे मला पुस्तकांपेक्षा त्याच्याकडे पाहून लवकर कळलं.

जन्माआधीच्या गोष्टींत सगळ्यात पक्की समजली जाणारी नोंद अशी: एकाच आईच्या पोटी आधी जितके मुलगे झालेले असतील, तितकी पुढच्या मुलाचा कल पुरुषांकडे असण्याची शक्यता थोडी वाढते. दर मोठ्या भावामागे साधारण एक तृतीयांशानं. मुळात शक्यता शंभरात दोन-तीन, त्यामुळे वाढूनही ती लहानच राहते. पण सावत्र किंवा दत्तक भावांबरोबर वाढल्यानं ती वाढत नाही, आणि सख्खे भाऊ वेगळ्या घरी वाढले तरी परिणाम दिसतो. म्हणजे हे घरातल्या संगतीचं काम नाही, आईच्या पोटातलं आहे. पोटात मुलगा वाढत असताना आईचं शरीर काही प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं आणि पुढच्या गर्भावर त्यांचा परिणाम होत असावा, असा अंदाज आहे. तुमचा मुलगा थोरला की धाकटा, तुम्ही लिहिलेलं नाही. थोरला असला तरी बिघडत नाही, वाटा अनेक आहेत.

हे वाचून त्याची आई म्हणेल, बघा, माझ्याच पोटाचा दोष. तसं अजिबात म्हणू देऊ नका. आईला दोष द्यायची जुनी खोड माझ्याच पेशाला होती. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक लिहीत होते की आईनं फार कवटाळलं आणि बाप दूर राहिला की मुलगा असा होतो. ते मत पुराव्यापुढे टिकलं नाही. साधा विचार करा. फार लाड करणाऱ्या आया आणि रात्रपाळीमुळे पोरांना न दिसणारे बाप पूर्व भागात गल्लोगल्ली होते. सगळ्यांची पोरं मुलींवरच लाइन मारत फिरली की!

होस्टेलबद्दल. मुलांच्या होस्टेलात, तरुण पोरं एकत्र कोंडलेली असतात तिथे असं काहीबाही घडतं, ते मी नाकारत नाही. बहुतेक जण बाहेर पडल्यावर आपापल्या मार्गानं मुलींकडे जातात. संगतीनं कल लागत असता तर तसं झालं नसतं. पापुआ न्यू गिनीमध्ये सांबिया नावाची जमात आहे. तिथे एके काळी प्रत्येक मुलाला लहानपणापासून मोठ्या मुलांबरोबर अशा विधींतून सक्तीनं जावं लागे, वर्षानुवर्षं. मोठे झाल्यावर त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांनी बायकांशीच संसार केले आणि त्यांना बायकाच आवडल्या. एवढी सक्ती करूनही जे लागलं नाही, ते पुण्याच्या होस्टेलात चार वर्षांत कसं लागेल? आणि उलट बाजू मेहुण्यांना विचारा. तुमचा मुलगा स्त्री-पुरुषांच्या घरात वाढला, स्त्री-पुरुषांची लग्नं जेवला, सिनेमे पाहिले तेही तसलेच. एवढ्या संगतीचा गुण का आला नाही?

एक गुंता मात्र लपवत नाही. काहींची ओढ दोन्हींकडे असते. काहींचा कल, विशेषतः बायकांचा, आयुष्यात पुढेमागे सरकतो. अमेरिकेत लिसा डायमंड यांनी काही स्त्रियांना दहा वर्षं वारंवार भेटून अशा नोंदी केल्या आहेत. पण तो सरकला तो आपसूक, कोणी सरकवल्यानं नव्हे. म्हणून 'दोन्हीकडे असेल तर मुलगी बघूया' ही पळवाट काढू नका. आत काय आहे हे फक्त त्यालाच ठाऊक आहे, आणि त्यानं ते तुम्हाला सांगून झालंय.

'प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे' हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय. प्रयत्न झालेत. विजेचे झटके देऊन झाले, उलट्यांची औषधं देऊन झाली, संप्रेरकांची इंजेक्शनं झाली. ॲलन ट्युरिंग या थोर गणितज्ञाला ब्रिटनच्या न्यायालयानं १९५२ मध्ये समलिंगी संबंधांसाठी दोषी ठरवलं तेव्हा तुरुंग की इंजेक्शन असा पर्याय ठेवला होता. दोन वर्षांत तो गेला. अमेरिकेतले रॉबर्ट स्पिट्झर हे मानसोपचारातलं वजनदार नाव. समलिंगी कल आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढण्यात त्यांचाच मोठा हात होता. त्यांनीच पुढे २०० लोकांशी फोनवर बोलून २००३ मध्ये निबंध लिहिला की काहींचा कल बदलू शकतो. जगभर तो दाखला दिला गेला. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच माफी मागितली: लोक फोनवर सांगत होते ते खरंच घडलं होतं की तशी त्यांची इच्छा होती, हे तपासायचा काही मार्गच नव्हता. धर्माच्या आधारे कल बदलून देतो म्हणणारी अमेरिकेतली एक्सोडस ही मोठी संघटना २०१३ मध्ये माफी मागून बंद पडली.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलिंगी कल आजारांतून वगळला. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये तेच स्पष्ट सांगितलं. २०२१ च्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये असा 'उपचार' करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तेव्हा कोणी डॉक्टर पाकीट घेऊन दहा सिटिंगमध्ये मुलगा बदलून देतो म्हणाला, तर तिथून उठा. अंगारेवाल्यांबद्दल मी वेगळं बोलत नाही.

आणि हे सगळं बाहेरचं खूळ, असं मेहुणे म्हणतीलच. बाहेरून आला तो त्याला गुन्हा ठरवणारा कायदा, १८६० चा, इंग्रजांचा. मराठीत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशा प्रश्नांना उत्तरं देत होते, त्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घ्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हरले, दंड भरावा लागला. पण हा विषय मराठी माणसाला काल-परवा कळला असं नाही.

आता माझी चूक सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

१९९९ साल असेल. प्रॅक्टिस सुरू करून तीन वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावातून एका चोवीस वर्षांच्या मुलाला त्याचे मामा घेऊन आले. मुलगा खाली मान घालून म्हणाला, मला हे नकोय, मला बदलायचंय. त्या काळच्या आमच्या पुस्तकात एक चोर-दरवाजा शिल्लक होता: कल आजार नाही, पण तो स्वतःला नकोसा वाटत असेल तर ते निदान करता यायचं. (आजारांच्या २०१९ च्या नव्या यादीत तेही गेलं.) ते निदान मी लिहिलं. त्याला नकोसं वाटत होतं ते घरच्यांच्या, गावाच्या धाकानं, हे मी विचारलंच नाही. थोडं समुपदेशन, थोडी झोपेची गोळी. तीन महिन्यांनी मामांनी विचारलं, लग्न करायचं का? मी म्हणाले, करून बघा, कदाचित जमेल.

चार वर्षांनी एक बाई आली. झोप नाही, पोटात दुखतं, सगळ्या तपासण्या नॉर्मल. मूल होत नाही म्हणून तिला तीन दवाखाने हिंडवून झाले होते. सासू वांझ म्हणत होती. नवरा मारत नव्हता, ओरडत नव्हता, चांगला होता, पाठ करून झोपत होता. तिनं मला विचारलं, "मॅडम, मी दिसायला एवढी वाईट आहे का?" केसपेपरवर आडनाव आणि गाव पाहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मला तिला काही सांगता येईना, कारण त्याचं गुपित माझ्याकडे पेशंटचं गुपित म्हणून होतं. त्याला बोलावून घेतलं. पुढे त्यानंच तिला सांगितलं, दोघं वेगळे झाले, तिनं माहेरी राहून डी.एड. केलं. तो मुंबईला गेला, नंतर कळलं नाही. दोघांनीही मला दोष दिला नाही, त्यामुळे ते ओझं उतरलंही नाही. 'करून बघा' हे दोन शब्द मी किती हलक्या जिभेनं बोलले होते! त्या दोन शब्दांत एक मुलगी होती आणि ती माझ्या खोलीत हजर नव्हती, म्हणून मला दिसली नाही.

तुमच्या पत्रातही ती नाही. मुलगा आहे, आई आहे, मेहुणे आहेत. जिचं स्थळ येणार आहे ती कुठे आहे?

गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांच्या अक्षता तुम्ही कितीदा टाकल्या असतील. कुंभारकन्येनं लग्नाचा हट्ट धरला, सिद्धरामांनी, म्हणजे सिद्धेश्वरांनी, संसार मांडायला नकार दिला, पण तिला फसवलं नाही. आपल्या योगदंडाशी लग्न लावायला मान्यता दिली, आणि तोच सोहळा आपण दर संक्रांतीला करतो. अक्षता पडतात ती जागा कोणती? संमती कट्टा. आधी संमती वाचतात, 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हणतात, मग तांदूळ उडतात. देवाच्या लग्नात जे चुकत नाही ते पोराच्या लग्नात चुकवू नका. तुमच्या मुलाची संमती नाही, हे त्यानं तोंडानं सांगितलं आहे. आणि त्या मुलीला खरं माहीतच नसेल तर ती कशाला संमती देणार?

कायद्याच्या भाषेत हवं असेल तर, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. माझा भर कायद्यावर नाही, पण मेहुण्यांना तीच भाषा कळत असेल तर सांगा. दुसरं म्हणजे, तुमचा मुलगा गुन्हेगार नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की प्रौढांचे स्वखुशीचे संबंध गुन्हा नाहीत, आणि लैंगिक कल हा माणसाच्या स्वभावाचा नैसर्गिक भाग आहे. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही, २०२३ च्या निकालात न्यायालयानं तो विषय संसदेवर सोडला. म्हणजे त्याला कोणी जोडीदार मिळाला तर कागदावर काही होणार नाही, वारसा, विमा, दवाखान्यातली सही या अडचणी राहतील. त्यासाठी पुढे वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल, पण ते आजचं काम नाही.

'निवड' या शब्दाबद्दल अजून एक गोष्ट मनात आहे. समजा, उद्या कोणी सिद्ध केलं की हे ठरवून होतं. तरी काय? आपण धर्म बदलू शकतो, गाव बदलू शकतो, म्हणून ते बदलायला लावायचा हक्क दुसऱ्याला मिळत नाही. हे ठरवता येत नाही म्हणून त्याच्यावर दया करा, असं मला म्हणायचं नाही. ठरवता येत नाही ही फक्त वस्तुस्थिती आहे. ती तुम्ही विचारलीत म्हणून इतकी लांबवली.

त्याच्या हातात जे आहे तिथे मात्र त्याला बाप लागेल. जोडीदार निवडताना माणूस कसा पारखायचा, शब्द कसा पाळायचा, पैशाचे व्यवहार कसे स्पष्ट ठेवायचे, तब्येतीची काळजी कशी घ्यायची, हे बाकीच्या मुलांना वडीलधारे येताजाता सांगत असतात. अशा मुलांना कोणी सांगत नाही, कारण घरात विषयच बंद असतो. मग ती फोनवरच्या ॲपवर अनोळखी माणसांना भेटतात, कोणी फोटो काढून पैसे उकळतं, आणि पोलिसांत जायला घाबरतात. माझ्याकडे गोळ्या खाऊन आलेली पोरं आहेत. त्यांना त्यांच्या आवडीनं तिथवर आणलं नव्हतं. घरी कळेल या भीतीनं आणलं होतं. तुमच्या घरी कळलेलं आहे. त्यानं स्वतः सांगितलंय, तुम्हाला, फोनवर नव्हे तर समोर बसून. तुम्ही त्याला घराबाहेर काढलं नाहीत, मला पत्र लिहिलंत. अर्धी वाट तर तुम्ही चालून आलात.

आता करायचं काय? स्थळं थांबवा. मध्यस्थांना 'सध्या विचार नाही' एवढं सांगा, कारण द्यायला तुम्ही कोणाला बांधील नाही. मेहुण्यांना कळलंय ते कळलंय, बाकी नातेवाइकांना आपण होऊन काही सांगू नका, कोणाला कधी सांगायचं ते मुलगा ठरवेल. त्याला फोन करा, पण या विषयावर बोलायलाच हवं असं नाही. जेवलास का, खोलीवरचं पाणी येतंय का, दिवाळीला कधी निघतोस, हे विचारा. गेले काही आठवडे बहुधा तेही बंद पडलं असेल. तुम्हाला मनातून पटायला वेळ लागेल. 'मला अजून नीट कळलेलं नाही, पण तू घरी ये' हे वाक्य त्याला चालेल. पूर्ण समजल्याचं नाटक करू नका, आपल्या पोरांना बापाचं नाटक लगेच कळतं.

मेहुणे फारच मागे लागले तर त्यांना पोह्यांच्या बशीचं उदाहरण सांगून बघा.

त्याच्या आईची मला जास्त काळजी वाटते. धड न जेवणं, पहाटे जाग येणं, सतत रडू येणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर त्यांना घेऊन या. मुलाला माझ्याकडे आणायची गरज नाही, त्याला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर पुण्यात चांगले समुपदेशक आहेत. आईंना एकटीनं माझ्याशी बोलू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा. मंगळवारी दुपारी गर्दी कमी असते.